बटणाच्या अवस्थांना नावे देताना : नवख्या डिझायनरांसाठी मार्गदर्शन

बाणेर, खराडी किंवा हिंजवडीतील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटरफेस डिझायनर म्हणून नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीच्या हाती सुरुवातीला बहुधा बटणांचेच काम दिले जाते. रंग ठरतो, कोपऱ्यांची गोलाई ठरते, फाइल डेव्हलपरकडे जाते, आणि थोड्याच वेळात विचारणा येते : "अगं, ॲक्टिव्हचा रंग गडद निळा दिलायस, पण ॲक्टिव्ह म्हणजे दाबलेलं की निवडलेलं?" या प्रश्नाचे उत्तर फाइलमध्ये नसेल, तर डेव्हलपर आपल्या समजुतीने एक अर्थ धरतो, टेस्टर दुसरा धरतो, आणि वाद रंगावरून चालल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो नावावरून चाललेला असतो.

या लेखात मांडलेली पद्धत एकाच तत्त्वावर उभी आहे. अवस्था कशामुळे उद्भवली, यावरून तिचे नाव ठेवावे. ती कशी दिसते, यावरून ठेवू नये. 'गडद', 'फिकट', 'ग्रे', 'निळे' ही दिसण्याची नावे आहेत. उद्या ब्रँडचा रंग बदलला किंवा रात्रीसाठी काळी थीम आली, की अशी नावे खोटी ठरतात; काळ्या थीममध्ये दाबलेले बटण अनेकदा अधिक उजळ होते आणि त्याचे नाव मात्र 'गडद' असेच राहते.

उदाहरणादाखल पुण्यातील नाट्यगृहांची तिकिटे विकणारे एक काल्पनिक ॲप घेऊ. त्यात खुर्च्यांचा नकाशा आहे, खाली 'तिकीट आरक्षित करा' हे मुख्य बटण आहे आणि बाजूला 'आवडते' म्हणून खूण करण्याचे लहान बटण आहे. फाइलमध्ये आणि कोडमध्ये अवस्थांची नावे रोमन लिपीतच लिहिली जातात. येथे ती देवनागरीत दिली आहेत.

पहिली पायरी : आधी प्रसंग लिहावेत

नावांची यादी इंटरनेटवरून उचलून सुरुवात करू नये. एक बटण घ्यावे आणि त्याच्या बाबतीत काय काय घडू शकते, ते साध्या मराठी वाक्यांत लिहून काढावे. 'तिकीट आरक्षित करा' या बटणाविषयी अशी वाक्ये तयार होतील : बटण पडद्यावर आहे आणि कोणी त्याला हात लावलेला नाही. माउसचा बाण बटणावर आला आहे. टॅब कळ दाबत दाबत प्रेक्षक बटणापाशी पोहोचला आहे. बोट टेकलेले आहे, अजून उचललेले नाही. बोट उचलले गेले आहे आणि सर्व्हरचे उत्तर यायचे आहे. प्रेक्षकाने अजून खुर्चीच निवडलेली नाही. प्रयोग हाउसफुल्ल झाला आहे.

शेवटची दोन वाक्ये पुन्हा वाचावीत, कारण नवख्यांच्या फाइलमध्ये या दोन्हींसाठी एकच राखाडी बटण असते. खुर्ची निवडलेली नसणे ही प्रेक्षकाला स्वतः दूर करता येणारी अडचण आहे. हाउसफुल्ल होणे ही नाही. पहिल्या प्रसंगी बटण तेथेच राहून वाट पाहते, म्हणून ती बटणाची अवस्था ठरते. दुसऱ्या प्रसंगी बटणाला काही कामच उरलेले नाही, म्हणून त्याच्या जागी 'हाउसफुल्ल' हा साधा मजकूर दाखवणे माझ्या मते अधिक प्रामाणिक आहे. हा फरक वाक्ये लिहिल्यामुळे हाती लागतो. रंगांच्या चौकटी काढत बसल्याने लागत नाही.

दुसरी पायरी : कारणांनुसार गट पाडावेत

लिहिलेल्या प्रसंगांचे तीन गट पडतात. पहिल्या गटातील अवस्था वापरणाऱ्याच्या हातामुळे, म्हणजे बाण, बोट किंवा कीबोर्ड यांच्यामुळे येतात आणि हात दूर झाला की जातात. हॉवर (बाण बटणावर येणे), फोकस (कीबोर्डने बटणापाशी पोहोचणे) आणि प्रेस्ड (बटण दाबलेले असणे) या त्या होत. दुसऱ्या गटातील अवस्था ॲपच्या परिस्थितीमुळे येतात; डिसेबल्ड (बटण बंद असणे) आणि लोडिंग (उत्तराची वाट पाहणे) या त्यात मोडतात. तिसऱ्या गटात वापरणाऱ्याने केलेली आणि ॲपने लक्षात ठेवलेली निवड येते, म्हणजे सिलेक्टेड.

पहिला आणि तिसरा गट यांची गल्लत सर्वाधिक होते. दुचाकीच्या हँडलवरील दोन बटणे आठवली, तर भेद चटकन कळतो : हॉर्नचे बटण अंगठा टेकलेला असेपर्यंतच काम करते, तर इंडिकेटर एकदा सुरू केला की अंगठा काढल्यानंतरही चालूच राहतो. हॉर्नची ती अवस्था प्रेस्ड आणि इंडिकेटरची सिलेक्टेड. नव्या डिझाइनमध्ये शंका आली, की 'बोट उचलल्यावर ही अवस्था उरते का?' एवढाच प्रश्न विचारावा.

याच वेळी यादीत घुसलेल्या, पण अवस्था नसलेल्या गोष्टी बाहेर काढाव्यात. प्रायमरी (मुख्य), सेकंडरी (दुय्यम) आणि धोक्याचे लाल बटण हे प्रकार आहेत. लहान आणि मोठे ही मापे आहेत. 'एरर' हीसुद्धा सहसा बटणाची अवस्था नसते. पेमेंट फसले, तर संदेश बटणाशेजारी येतो आणि बटण पुन्हा दाबण्याजोगे होते.

तिसरी पायरी : एकेका नावाचा अर्थ पक्का करावा

कोणी स्पर्श न केलेल्या अवस्थेपासून सुरुवात करू. तिला वेगवेगळ्या कंपन्यांच्या तयार इंटरफेस-संचांत वेगवेगळी नावे आहेत : ॲपलच्या यूआयकिटमध्ये नॉर्मल म्हणतात, गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये एनेबल्ड म्हणतात आणि मायक्रोसॉफ्टच्या फ्लुएंटमध्ये रेस्ट म्हणतात. बहुतेक संघांत मात्र 'डिफॉल्ट' हे नाव चालते. ते चुकीचे नाही, परंतु विंडोजच्या जुन्या बटणांत 'डिफॉल्टेड' ही एक वेगळीच अवस्था आहे : संवादचौकटीत एंटर कळ दाबली असता जे बटण दाबले जाईल, ते बटण. डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संघात तुम्ही असाल, तर 'डिफॉल्ट' टाळून 'रेस्ट' घ्यावे. इतरत्र जे रूढ असेल ते राहू द्यावे, कारण या एका नावावरून बैठक लांबवण्यात अर्थ नाही.

'ॲक्टिव्ह'ची गोष्ट निराळी आहे. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, ':ॲक्टिव्ह' म्हणजे बटण या क्षणी दाबलेले असणे. बूटस्ट्रॅप या तयार वेब-घटकांच्या संचात 'ॲक्टिव्ह' हा क्लास (शैलीचे नाव) लावला, की बटण दाबून ठेवल्यासारखे किंवा निवडलेले दिसते आणि तसेच राहते. क्यूटी या सॉफ्टवेअर बनवण्याच्या साधनसंचातील आयकॉनमध्ये 'ॲक्टिव्ह' म्हणजे वापरणाऱ्याचा आयकॉनशी व्यवहार चालू असणे, ज्यात नुसता बाण वर येणेही धरले जाते. रोजच्या बोलण्यात तर 'बटण ॲक्टिव्ह झालं का?' याचा अर्थ 'आता दाबता येतं का?' असा होतो. एकाच शब्दाला चार अर्थ चिकटलेले असताना तो शब्द फाइलमध्ये ठेवणे म्हणजे लेखाच्या सुरुवातीची विचारणा पुन्हा ओढवून घेणे होय. माझा सल्ला स्पष्ट आहे : डिझाइन फाइलमध्ये 'ॲक्टिव्ह' हे नाव वापरूच नये. दाबलेल्यासाठी 'प्रेस्ड', निवडलेल्यासाठी 'सिलेक्टेड', आणि दाबता येण्याजोगे असण्याला वेगळे नाव नको, कारण ती बटणाची मूळ स्थितीच आहे. डेव्हलपरला कोडमध्ये ':ॲक्टिव्ह' लिहावे लागेलच. 'प्रेस्ड म्हणजे सीएसएसचे ॲक्टिव्ह' अशी एक ओळ फाइलमध्ये लिहून ठेवली, की पुरे.

हॉवर हे नाव सर्वत्र एकाच अर्थाने वापरले जाते, म्हणून त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. टच पडद्यावर बाण नसतो, आणि मोबाइल ब्राउझरमध्ये बोट टेकून उचलल्यानंतरही हॉवरचा रंग दुसरीकडे स्पर्श करेपर्यंत चिकटून राहू शकतो. म्हणून हॉवरची शैली फक्त बाण फिरवता येणाऱ्या उपकरणांसाठीच लागू करावी, अशी टीप नावासोबत लिहावी. सीएसएसमध्ये त्यासाठी हॉवरची मीडिया क्वेरी (उपकरणाची क्षमता तपासणारी अट) उपलब्ध आहे.

फोकसबाबत गोंधळ नावात नसून अर्थाच्या व्याप्तीत आहे. माउसने बटण दाबले, तरी फोकस त्यावर जाऊ शकतो. परंतु त्या वेळी बटणाभोवती फोकसचे कडे दाखवण्याची गरज सहसा नसते, कारण आपण कोठे आहोत हे दाबणाऱ्याला ठाऊक असते. कीबोर्डने पुढे सरकणाऱ्याला मात्र ते कडे दिसलेच पाहिजे. हा भेद करण्यासाठी सीएसएसमध्ये ':फोकस-व्हिजिबल' आहे, आणि मार्च २०२२ मध्ये सफारीच्या १५.४ या आवृत्तीत तो आल्यापासून सर्व प्रमुख ब्राउझरांत तो वापरता येतो. तेव्हा आपल्या फाइलमधील 'फोकस' म्हणजे कीबोर्डचा दिसणारा फोकस, असे लिहून ठेवावे. ते न लिहिल्यास दर क्लिकला कडे उमटते, ते कोणाच्या तरी डोळ्यांत खुपते, आणि मग कडेच काढून टाकण्याची सूचना येते. वेबवर कीबोर्ड वापरणाऱ्यांची वाट बंद होण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

डिसेबल्ड हे नाव ठरलेलेच आहे. विचार त्याच्या परिणामांचा करावा. एचटीएमएलमधील (वेबपानाची रचना लिहिण्याच्या भाषेतील) डिसेबल्ड बटणावर टॅबने पोहोचता येत नाही आणि ते क्लिकला प्रतिसाद देत नाही, त्यामुळे 'हे बंद का आहे?' असे सांगणारी टीप कीबोर्ड वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. बटण बंद आहे हे कळावे, पण तेथे पोहोचताही यावे, असे हवे असेल तर 'एरिया-डिसेबल्ड' हा सहायक साधनांना स्थिती कळवणारा गुणधर्म वापरतात. तेव्हा क्लिक थोपवण्याचे काम कोडमध्ये वेगळे करावे लागते. दिसायला दोन्ही सारखी असली, तरी वागणूक वेगळी असल्यामुळे नावासोबत यांपैकी कोणते अभिप्रेत आहे, ते नमूद करावे. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये तर बंद बटणे शक्यतो टाळण्याचा सल्ला आहे. आपल्या ॲपमध्येही खुर्ची न निवडता बटण दाबले, तर 'आधी खुर्ची निवडा' असे सांगणे हा पर्याय अनेकदा अधिक सोयीचा ठरतो.

रंगाविषयी एक निरीक्षण. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीतून निष्क्रिय घटकांना काँट्रास्टची (रंगांतील उजळ-गडद फरकाची) सूट आहे, आणि त्या सवलतीचा फायदा घेऊन डिसेबल्ड बटण इतके फिकट केले जाते, की एप्रिलच्या दुपारी स्वारगेटच्या थांब्यावर उभे राहून फोन पाहणाऱ्याला तेथे बटण आहे हेच दिसत नाही. उलट बाजूने, सेकंडरी बटण राखाडी असेल तर तेच बंद असल्याचा भास होतो. ही दोन्ही बटणे शेजारी ठेवून भर उन्हात एकदा पाहावीत.

लोडिंगच्या बाबतीत मराठी मजकूर स्वतःची अडचण घेऊन येतो. 'आरक्षित करा' हे शब्द 'आरक्षण होत आहे…' असे बदलले, की बटण रुंदावते आणि शेजारचे बटण सरकते. ऐन वेळी बोट भलत्याच जागी पडण्याचा धोका असतो. रुंदी लांब मजकुराच्या मापाने आधीच राखून ठेवावी. उंची ठरवतानाही वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार कापले जात नाहीत ना, ते पाहावे; 'पूर्ण करा' हा मजकूर त्यासाठी चांगली कसोटी आहे, कारण त्यात उकार, रफार आणि काना तिन्ही येतात. शिवाय लोडिंगच्या वेळी बटण एचटीएमएलच्या अर्थाने डिसेबल्ड करू नये. बटणावर असलेला फोकस अचानक हरवला, तर कीबोर्डने काम करणारा पानावर आपली जागा गमावतो. बटण तसेच ठेवून दुसरी क्लिक कोडने दुर्लक्षित करावी. म्हणूनच लोडिंग आणि डिसेबल्ड ही दोन नावे वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

सिलेक्टेडसाठी आपल्या उदाहरणात 'आवडते' हे बटण आणि नकाशातील प्रत्येक खुर्ची आहे. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाला, ही स्थिती 'एरिया-प्रेस्ड'च्या खऱ्या-खोट्या मूल्यातून कळवली जाते. येथे नाव पुन्हा चकवते : 'एरिया-प्रेस्ड' मधील प्रेस्ड म्हणजे आपले सिलेक्टेड, आपले प्रेस्ड नव्हे. हेही नोंदवून ठेवावे. या पद्धतीत मजकूर बदलायचा नसतो. 'आवडते' हे नाव तेच राहते आणि स्थिती बदलते. मजकूरही 'आवडत्यातून काढा' असा बदलला, तर ऐकणाऱ्याला 'आवडत्यातून काढा, दाबलेले' असे काही तरी बुचकळ्यात टाकणारे ऐकू येते. निवडलेली खुर्ची केवळ रंगाने दाखवू नये. बरोबरची खूण किंवा जाड कडा जोडावी.

चौथी पायरी : फिग्मामध्ये मांडणी

फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएंटची (एकाच घटकाची वेगवेगळी रूपे एकत्र ठेवण्याची) सोय २०२० मध्ये आली. त्याआधी 'बटण/प्रायमरी/हॉवर' अशी तिरप्या रेघांची नावे देत असत आणि अजूनही जुन्या फाइलींत ती सापडतात. आता 'टाइप', 'साइज' आणि 'स्टेट' असे स्वतंत्र गुणधर्म करावेत. 'स्टेट' या गुणधर्मात रेस्ट आणि पहिल्या व दुसऱ्या गटातील अवस्था ठेवाव्यात. 'सिलेक्टेड' मात्र हो-नाही स्वरूपाचा वेगळा गुणधर्म करावा, कारण निवडलेल्या खुर्चीवरही बाण येऊ शकतो आणि तीही दाबली जाऊ शकते.

यातून चौकटींची संख्या झपाट्याने वाढते. तीन प्रकार, दोन मापे आणि सहा अवस्था मिळून ३६ चौकटी होतात. त्यात सिलेक्टेड मिसळले, की ७२. त्यामुळे जे बटण कधी निवडलेले राहतच नाही, त्याला तो गुणधर्म देऊ नये. निवडीची बटणे हा वेगळा कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा घटक) केला, तर दोन्ही संच आटोपशीर राहतात. रोमन अक्षरांच्या बाबतीत एकच शिस्त पाळावी. एका जागी 'डिसेबल्ड' मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्या जागी लहान अक्षराने लिहिले, तर नावांवर चालणारी जुळवणी फसू शकते.

पाचवी पायरी : दोन अवस्था एकत्र आल्यास कोण वरचढ

हा भाग बहुतेक फाइलींत कोराच असतो. बटण बंद आहे आणि त्यावर बाण आला, तर काय दिसावे? ब्राउझरच्या दृष्टीने बंद बटणावरही हॉवर लागू होतो, त्यामुळे उत्तर लिहून दिले नाही तर बंद बटण बाण येताच उजळते आणि दाबता येईल असे वाटू लागते. साधारण क्रम असा ठेवावा : डिसेबल्ड सर्वांवर मात करते, त्याखाली लोडिंग, त्याखाली प्रेस्ड, मग हॉवर आणि शेवटी रेस्ट. फोकस या क्रमात बसवू नये. त्याचे कडे बटणाच्या कडेबाहेर थोडी जागा सोडून काढावे, म्हणजे ते हॉवर, प्रेस्ड किंवा सिलेक्टेड यांपैकी कशाहीवर चढवता येते. डब्ल्यूसीएजी २.२ च्या सर्वांत कडक पातळीवर या कड्यासाठी किमान दोन पिक्सेल जाडीच्या परिघाइतके क्षेत्र आणि फोकस असताना व नसताना ३:१ इतका काँट्रास्ट अपेक्षित आहे; ती पातळी बंधनकारक नसली तरी गाठायला अवघड नाही.

डेव्हलपरला हा क्रम लिहून देण्यामागे आणखी एक कारण आहे. सीएसएसमध्ये समान वजनाच्या नियमांपैकी शेवटी लिहिलेला नियम जिंकतो, म्हणून हॉवर आधी आणि ॲक्टिव्ह नंतर लिहितात. अँड्रॉइडच्या स्टेट-लिस्टमध्ये (अवस्था आणि त्यांची रूपे यांच्या यादीत) याच्या नेमके उलट आहे : वरून खाली पाहताना जुळणारी पहिली ओळ घेतली जाते, म्हणून साधी अवस्था सर्वांत शेवटी लिहावी लागते. ॲपलच्या यूआयकिटमध्ये सिलेक्टेड आणि हायलाइटेड या अवस्था एकत्र जोडून त्यांच्यासाठी वेगळे रूप देता येते. तेथे हायलाइटेड म्हणजे आपले प्रेस्ड. वेब आणि मोबाइल हे दोन संघ तुमची एकच फाइल वापरणार असतील, तर क्रम शब्दांत दिल्याशिवाय दोन्हीकडे सारखे बटण तयार होणार नाही.

सहावी पायरी : रंगांच्या टोकनची नावे

टोकन म्हणजे रंगासारख्या मूल्याला दिलेले नाव, जे डिझाइन आणि कोड दोन्हींत वापरले जाते. टोकनच्या नावात अवस्था नेहमी शेवटी ठेवावी : 'बटण-प्रायमरी-बॅकग्राउंड-हॉवर', 'बटण-प्रायमरी-टेक्स्ट-डिसेबल्ड'. अशाने यादी अकारविल्हे लावली तरी एका भागाच्या सर्व अवस्था लागोपाठ दिसतात आणि एखादी राहून गेली असेल तर लगेच लक्षात येते. प्रत्येक अवस्थेसाठी नवा रंग शोधण्याची आवश्यकता नसते. मटेरियल डिझाइनमध्ये मूळ रंगावर एक पारदर्शक थर चढवतात, आणि त्या थराची तीव्रता हॉवरसाठी ८ टक्के असते. ही पद्धत उचलली, तर टोकन कमी होतात आणि काळी थीमही सोपी जाते.

सातवी पायरी : पाठवण्यापूर्वीची तपासणी

फाइल देण्याआधी बटणाचा प्रोटोटाइप (चालता नमुना) माउसला हात न लावता, केवळ टॅब, स्पेस आणि एंटर या कळांनी चालवून पाहावा. नंतर तो स्वस्त अँड्रॉइड फोनवर अंगठ्याने वापरावा. त्यानंतर फाइल न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त अवस्थांच्या नावांची यादी द्यावी आणि प्रत्येक अवस्था केव्हा येते, ते तोंडी सांगायला लावावे. ज्या नावापाशी ती व्यक्ती अडखळेल, ते बदलावे किंवा त्यापुढे एक वाक्य लिहावे. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टींची नोंद असावी : ती अवस्था कशामुळे येते, कशाने जाते आणि कोडमध्ये तिला काय म्हणतात. ही नोंद फिग्मामध्ये कंपोनंटच्या वर्णनात केली, तर ती कंपोनंटबरोबरच राहते. वेगळ्या दस्तऐवजात केलेली नोंद कोणी उघडत नाही.

आधीपासून चालू असलेल्या उत्पादनात 'ॲक्टिव्ह'चे 'प्रेस्ड' करायचे झाल्यास, जुने टोकन लगेच पुसू नये. नवे नाव जोडावे, जुने नाव त्याच मूल्याकडे वळवावे, वर्णनात 'वापरू नये' असे लिहावे, आणि कोडमध्ये शोध घेऊन त्याचा एकही वापर उरलेला नाही अशी डेव्हलपरने खात्री दिल्यानंतरच ते काढून टाकावे.